मुंबईत एक संध्याकाळ: आपलं जेवण आणि कॉकटेल एकत्र कसं मागवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसासाठी पुण्याहून मुंबईला येणार आहे. बरोबर ताई आणि भावोजी आहेत. ताई शाकाहारी आहेत, भावोजी दारू घेत नाहीत. मुक्काम दादरला आहे. जेवण भारतीयच हवं आणि कॉकटेल्सही चांगली हवीत. कुठे जावं, काय मागवावं, खर्च किती येईल, आणि मुळात आपल्या मसालेदार जेवणाबरोबर कॉकटेल जातं का?

मी बरीच वर्षं मुंबईत बारमागे उभी राहून काम केलं आणि आता हॉटेलांना पेयांची यादी बसवून देते. त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. कॉकटेल आपल्या जेवणाबरोबर जातं, फार छान जातं. पण आपण ज्या क्रमाने खातो-पितो त्या क्रमाने नाही.

आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. आठला बसायचं, शेंगदाणे, पापड, चिली चिकन असल्या चकण्यावर अडीच-तीन तास काढायचे, आणि वेटर ‘लास्ट ऑर्डर’ म्हणत आला की घाईघाईने जेवण सांगायचं. तोपर्यंत जीभ बधिर झालेली असते, पोट शेंगदाण्यांनी भरलेलं असतं. आत कुणीतरी दुपारपासून खोबरं भाजून, वाटण करून, मंद आचेवर मटण शिजवलेलं असतं. ते टेबलावर येतं तेव्हा त्याची चव घेण्याच्या अवस्थेत कुणीच नसतं. हे मी बारमागून वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि दर वेळी मला स्वयंपाक्यासाठी वाईट वाटतं. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला हा: पहिल्या ग्लासाबरोबरच पहिली प्लेट मागवा. पुढेही प्लेट आधी ठरवा, मग तिला साजेसा ग्लास. दोन्ही शेवटपर्यंत हातात हात घालून चालू द्या.

आता तिखटाचं. मिरचीतलं कॅप्सेसिन (तिखटपणा देणारं द्रव्य) जिभेवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टर्सना, चेतवतं, ते खरं म्हणजे उष्णता ओळखण्यासाठी असतात. एरवी ते साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे ‘भाजतंय’ असा निरोप पाठवतात. अल्कोहोल हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षाही खाली. कडक दारू घशात जळजळते ती यामुळेच. तांबड्या रश्श्यावर कडक पेय घेतलं की दोन आगी एकाच ठिकाणी लागतात. रस्सा कितीही चांगला असला तरी मग फक्त तिखटच कळतं. सोड्याचे बुडबुडेही जिभेला टोचतात, म्हणून फार तिखट पदार्थाबरोबर तेही त्रासच देतात. याउलट थंडपणा, थोडी साखर, थोडा आंबटपणा आणि दुधा-नारळाची स्निग्धता तिखटाला शांत करतात. सोलकढी आपल्या ताटात कुणी विचार न करता आलेली नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. नारळाचं दूध ते काम करतं आणि कोकम तोंड पुन्हा स्वच्छ करतं.

यावरून निघणारी वाट सरळ आहे. कडक पेय जेवणाच्या आधी, कमी तिखट तोंडीलावण्याबरोबर. तळलेल्या पदार्थांबरोबर सोडा घातलेलं उंच ग्लासातलं हलकं पेय. तिखट सुरू झालं की थंड, आंबट-गोड, पाणी जास्त आणि दारू कमी असलेलं. आणि भात आला की ग्लास बाजूला. भात-रश्श्याबरोबर चांगलं लागणारं कॉकटेल मी अजून चाखलेलं नाही, आणि ते शोधायची गरजही मला वाटत नाही. तिथे सोलकढी, ताक किंवा साधं पाणीच हवं.

मुंबईला या बाबतीत फार जुना वारसा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. १६९४ साली मुंबईतल्या इंग्रज सरकारने एक हुकूम काढला होता. गुत्त्यात पंच प्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट चांगली गोव्याची अराक (गाळलेली दारू), अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागता येईल, आणि आपला पंच त्याने आपणच करून घ्यावा, अशा अर्थाचा. आजच्या मापात अंदाजे एक लिटर दारू, पाव किलोच्या आत-बाहेर साखर आणि पाव लिटरच्या आसपास लिंबू. वर पाणी आणि जायफळासारखा मसाला घालायची चाल होतीच. म्हणजे कॉकटेल ही काही अलीकडे परदेशातून आलेली गोष्ट नाही. दारूला साखर, लिंबू, पाणी आणि मसाला यांनी माणसात आणायची ही रीत या बेटावर सव्वातीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तिखट जेवणाबरोबर आजही सगळ्यात चांगली चालते ती हीच जात. यादीत पंच दिसला, रम किंवा फेणीचा, त्यात गूळ आणि लिंबू असेल, तर मुख्य जेवणासाठी तो राखून ठेवा.

जागेबद्दल. मुंबईत अशा संध्याकाळसाठी मला जागांचे दोन प्रकार दिसतात, आणि त्यांची सरमिसळ केली की निराशा होते.

पहिला प्रकार म्हणजे जिथे स्वयंपाकघर आणि बार यांना सारखाच मान आहे अशी हॉटेलं. लोअर परळच्या कमला मिल्समधलं द बॉम्बे कॅन्टीन हे त्यातलं ठळक नाव. ते २०१५ मध्ये सुरू झालं. समीर सेठ आणि यश भणगे यांच्याबरोबर त्यामागे शेफ फ्लॉइड कार्डोझ होते. मुंबईत वाढलेल्या कार्डोझ यांनी न्यूयॉर्कच्या ‘तबला’ रेस्टॉरंटमध्ये भारतीय मसाला आणि पाश्चात्य पद्धतीचं उत्तम जेवण एकत्र आणलं होतं. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. त्याच मंडळींचं वांद्रे-कुर्ला संकुलातलं ओ पेद्रो गोव्याच्या जेवणासाठी आहे, २०१७ पासून. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारातलं मास्क हे फार वेगळ्या धाटणीचं. तिथे पदार्थ ते ठरवतात आणि तुम्ही ओळीने खात जाता. यांपैकी कुणाशीही माझा व्यवहार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फोर्टातली त्रिश्ना किंवा महेश लंच होमसारखी मासळीची जुनी घरं, आणि शहरभरची मालवणी-मंगळुरी परमिट रूम हॉटेलं. इथलं जेवण अव्वल असतं. पण इथला बार कॉकटेलसाठी बांधलेला नसतो. लिंबाचा रस सकाळीच काढून ठेवलेला असतो किंवा बाटलीतला असतो, फळांचा रस डब्यातला असतो आणि बर्फ बारीक, पाणी सुटलेला. तिथे कॉकटेलचा आग्रह धरला तर गोडमिट्ट रंगीत पाणी येतं, आणि त्यात वेटरचा किंवा बारवाल्याचा काहीही दोष नसतो. अशा ठिकाणी जिन, सोडा आणि समोर पिळलेलं ताजं लिंबू मागवा. किंवा व्हिस्की-सोडा, किंवा थंडगार बिअर. बोंबील फ्रायबरोबर जिन-सोडा-लिंबू आणि वर मिठाची चिमूट, याच्या पुढे जाणारी कॉकटेल्स मी फार थोडी बनवली आहेत.

तुमच्या चौघांसाठी माझं मत पहिल्या प्रकाराकडे झुकतं. ताई शाकाहारी आहेत, आणि मासळीच्या हॉटेलात शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा पनीर आणि डाळच येते. भावोजींसाठीही जिथे बिनदारूच्या पेयांवर कुणी डोकं चालवलं आहे अशी जागा हवी. त्यात दादरहून लोअर परळ पश्चिम रेल्वेने दोनच स्टेशनं. ओ पेद्रो आवडत असेल तर तेही चालेल, पण गोव्याच्या जेवणाचा जीव मासळीत आणि डुकराच्या मांसात आहे. ताईंना तिथे थोडं कमी मिळेल.

एक गोष्ट मात्र करू नका. एका भागात ड्रिंक, दुसऱ्या भागात जेवण आणि तिसऱ्या भागात गोड, असा बेत शनिवारी आखू नका. वाढदिवसाची संध्याकाळ टॅक्सीत संपते. अपवाद एकच आणि तोही सगळी संध्याकाळ फोर्ट-कुलाब्यातच काढणार असाल तर: ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार. तो १९३३ चा, शहरातला परवाना मिळालेला पहिला बार म्हणून ओळखला जातो. सूर्य मावळायच्या आधी तिथे एकेक ड्रिंक घेऊन पायी फोर्टात जेवायला जाता येतं. तसं ठरलं तर दादरहून मेट्रो ३ ने थेट हुतात्मा चौकापर्यंत जा. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास असते, त्यामुळे परतीला टॅक्सीच धरून चाला.

आता टेबलावर बसल्यावर. हॉटेलांच्या याद्या ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून नावांच्या मागे न लागता पदार्थाच्या स्वभावावरून सांगते.

पहिल्या फेरीत कडक पेय घ्यायला हरकत नाही, कारण पोटात जागा आहे आणि जीभ ताजी आहे. नेग्रोनी, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड यांपैकी काही आवडत असेल तर ते आत्ताच, आणि एकच. बरोबर काहीतरी खारट आणि खुसखुशीत हवं: कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाण्याची थालीपीठं. अळूवडीतली चिंच-गुळाची आंबट-गोड चव आणि नेग्रोनीचा कडूपणा एकमेकांना फार चांगले सांभाळतात. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. यादी बसवताना मी हा जोड पुन्हा पुन्हा चाखला आहे आणि प्रत्येक वेळी टेबलावर शांतपणे खाणं-पिणं सुरू झालेलं पाहिलं आहे. नेग्रोनी तिखट ठेच्याबरोबर मात्र अजिबात नको. कडू आणि तिखट एकत्र आले की दोन्ही वाढतात.

दुसऱ्या फेरीत तळलेलं आणि नारळातलं. नोव्हेंबर म्हणजे मासळीचा भर. १ जूनपासूनची मासेमारीबंदी उठून बरेच आठवडे झालेले असतात आणि बाजारात ताजी आवक असते. रव्यातले बोंबील बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. त्यांना बुडबुडे हवेत, तोंडातलं तेल ते उचलतात. जिन, सोडा, कोकमाचा आगळ थोडासा आणि मीठ, असं काही यादीत असेल तर घ्या, नसेल तर मागा. चांगला बार दोन मिनिटांत करून देतो. तिसऱ्यांचं किंवा कोळंबीचं सुकं असेल तरी जिनच. याला कारण आहे. जवळजवळ प्रत्येक जिनमध्ये ज्युनिपरच्या (जिनला तिची मूळ चव देणाऱ्या छोट्या फळांच्या) खालोखाल महत्त्वाचा घटक असतो धने. आपल्या वाटणातही धने. म्हणून जिन आपल्या जेवणाला परकी वाटत नाही. गोव्यात बनणाऱ्या जिन, म्हणजे २०१७ ची ग्रेटर दॅन किंवा २०१८ ची स्ट्रेंजर अँड सन्स, या कामाला उत्तम आहेत. दुसरीत मिरी आणि जायपत्रीही आहे, ती नारळाच्या वाटणाशी चटकन जुळते. टॉनिक मात्र जपून. त्यातल्या क्विनिनचा कडूपणा आणि भरपूर साखर, दोन्ही सुक्या मसाल्याची चव झाकतात. मी मासळीबरोबर नेहमी सोडाच सुचवते.

तिसरी फेरी म्हणजे खरा मसाला: मटण सुकं, शागुती, कोंबडी, भरली वांगी. इथे तो पंच. किंवा फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ लोक तिच्या वासावरूनच तिला नाकारतात. नुसती, कोमट, काचेच्या छोट्या ग्लासात घेतली तर ती सगळ्यांना झेपत नाही हे मान्य. पण लिंबू, गूळ, चिमूटभर मीठ आणि पुष्कळ बर्फ घालून हलवली की तिचा तोच उग्र वास पिकलेल्या काजूबोंडासारखा फुलतो, आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या चोरिसबरोबर (गोव्याचं सॉसेज) किंवा आंबोटिकाबरोबर (आंबट-तिखट गोवन कालवण) दुसरं काही नकोसं होतं. ज्यांना फेणी नको त्यांनी जुनी रम घ्यावी, आलं आणि लिंबू घालून, सोडा थोडाच. भरल्या वांग्यातला शेंगदाण्याचा कूट आणि गूळ रमला फार जवळचे आहेत. तंदूरमधून काही आलं असेल, कोळशाचा धूर लागलेलं, तर अमृत किंवा पॉल जॉनसारखी भारतीय सिंगल माल्ट भरपूर थंड पाण्यात.

यादीत ‘क्लॅरिफाइड मिल्क पंच’ असं दिसलं तर ते एकदा घेऊन बघा. आंबट केलेलं पेय दुधात ओततात, दूध फाटतं, आणि मग ते सावकाश गाळतात. दुधातलं केसीन तुरटपणा आणि रंग धरून ठेवतं. खाली उतरतं ते स्वच्छ, पाण्यासारखं नितळ, पण जिभेवर मऊ. मसाल्याच्या जेवणाबरोबर हे फार छान जातं. फक्त ज्यांना दूध चालत नाही त्यांनी घेऊ नये, पाण्यासारखं दिसलं तरी ते दुधातूनच आलेलं आहे.

गोडाला मी कॉफीची कॉकटेल सुचवत नाही, तुम्हाला रात्री झोप हवी आहे. पुरणपोळी किंवा जायफळ घातलेलं काही असेल तर ओल्ड मंकचा एक स्मॉल, एकाच मोठ्या बर्फावर, दोघांत मिळून.

दारूच्या प्रमाणाबद्दल एक हिशोब लक्षात असू द्या. आपल्याकडचा लार्ज पेग ६० मिलिलीटर, आणि बहुतेक भारतीय दारू ४२.८ टक्के. म्हणजे साध्या कॉकटेलमध्ये सुमारे २६ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलीटर बिअरमध्ये, म्हणजे आपल्याकडे जिला पाइंट म्हणतात त्या बाटलीत, ते साडेसोळा. एक कॉकटेल म्हणजे दीड पाइंट बिअर. तीन कॉकटेल्स म्हणजे साडेचार. गोड आणि थंड असल्यामुळे जिभेला हे कळत नाही. म्हणून वर मी तीन फेऱ्या लिहिल्या त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला ‘दारू थर्टीच घाला’, म्हणजे ३० मिलिलीटरच, असं सांगायला अजिबात संकोचू नका. आम्ही घरी स्वतःसाठी पेय करतो तेव्हा पुष्कळदा तेवढीच घालतो. चवीत जे कमी पडेल ते लिंबू आणि मीठ भरून काढतं.

ताईंबद्दल: शाकाहारी जेवण कॉकटेलला जड जात नाही, उलट सोपं जातं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भरली वांगी, पातोडीचा रस्सा, दडपे पोहे, यांतली गोडसर-आंबट चव पेयाला धरून असते. एक मात्र विचारून घ्या. पुष्कळ कॉकटेल्समध्ये फेस येण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग घालतात, ‘सावर’ नावाच्या प्रकारांत पुष्कळदा. वेटरला आधीच सांगा की अंडं नको. त्याशिवायही फेस आणता येतो, आणि चांगल्या बारला ते माहीत असतं. शिवाय चरबी लावून सुगंधित केलेली दारूही आता ठिकठिकाणी मिळते. ती तुपाची असेल तर चालेल, पण बेकनचीही असते, म्हणून विचारलेलं बरं.

भावोजींबद्दल मला जास्त बोलायचं आहे. जो पीत नाही त्याच्यासमोर वेटर पाण्याची बाटली ठेवतो आणि बाकीच्यांसाठी मोठी यादी उघडतो, हे आमच्या व्यवसायाचं उणं आहे आणि ते बदलायला हवं. त्यांच्यासाठीही प्रत्येक प्लेटबरोबर नवा ग्लास मागवा. आधी जलजिरा सोडा, बोंबलाच्या वेळी सगळ्यांबरोबर कोकम-सोडा-मीठ, मसाल्याच्या वेळी कैरी किंवा चिंच-गुळाचं थंड पेय, भाताला सोलकढी. ते त्याच काचेच्या ग्लासात, त्याच मोठ्या बर्फावर यायला हवं. तसं सांगा, कुठलाही नीट बार आनंदाने करेल. खरं तर मसालेदार जेवणाची चव त्या टेबलावर सगळ्यात जास्त त्यांनाच कळणार आहे. आणि ‘आजच्या दिवस एक घ्या की’ हा आग्रह कुणी करू नये. दारू न घेणाऱ्याला तो आग्रह किती वेळा ऐकावा लागतो हे आम्ही बारमागून ऐकतो.

बारटेंडरशी कसं बोलावं, हे पुष्कळ जण विचारतात. कॉकटेलची नावं पाठ असायची गरज नाही. तीन गोष्टी सांगा: गोड किती चालेल, कडक हवं की हलकं, आणि कुठली दारू अजिबात नको. चौथी, जी कुणीच सांगत नाही आणि जी मला सगळ्यात उपयोगी पडते, ती म्हणजे तुम्ही काय खाणार आहात. ‘आम्ही सुरमई मागवली आहे, तिच्याबरोबर काय द्याल’ असं कुणी विचारलं की बारमागचा माणूस खुलतो. शक्य असेल तर टेबलावर बसण्याआधी बारकडे एक नजर टाका. लिंबं कापली जात आहेत का, बर्फ मोठा आणि कोरडा आहे का, हिरवा पुदिना ताठ आहे का. मोठा बर्फ सावकाश विरघळतो, म्हणून पेय शेवटच्या घोटापर्यंत सांभाळलं जातं. मुंबईच्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. आणि बाटलीत आधीच मिसळून ठेवलेलं कॉकटेल दिसलं तर नाक मुरडू नका. नेग्रोनीसारखी पेयं आधी मिसळून थंड ठेवली तर बिघडत नाहीत. लिंबाची मात्र ताजीच हवीत.

खर्च. चांगल्या हॉटेलात एक कॉकटेल साधारण ७०० ते १,२०० रुपयांच्या घरात, कर वेगळे. पिणारे तीन आणि न पिणारे एक धरून चौघांचं पोटभर जेवण आणि प्रत्येकी दोन पेयं (तिसऱ्या फेरीचे वेगळे), यासाठी १४ ते १८ हजार हाताशी ठेवा. परमिट रूम प्रकारच्या हॉटेलात निम्म्यात भागेल. बिलावर जेवणाला ५ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या तारांकित हॉटेलांत १८. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून त्या ओळी वेगळ्या दिसतील. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. नको असेल तर काढायला सांगता येतो. तो काढलात आणि सेवा चांगली मिळाली असेल, तर रोख टीप थेट हातात द्या, भांडी घासणाऱ्यांपर्यंत पोचेल असं विचारून द्या.

कायद्याचं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वयाची अट २१, बाकी दारूला २५, म्हणून कॉकटेलला २५ च धरा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, कायमचा १,००० रुपयांत मिळतो. पुष्कळ हॉटेलं एका दिवसाचा परवाना तिथेच देतात. गाडी घेऊन जाणार असाल तर ती भावोजींनीच चालवावी, आणि त्यांना ते आधी विचारा, गृहीत धरू नका. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती एका कॉकटेलनेही ओलांडली जाऊ शकते.

आरक्षण आठवडाभर आधी करा, शुक्रवार-शनिवारसाठी त्याहून आधी. सातची वेळ घ्या. त्या वेळी स्वयंपाकघर आणि बार दोन्ही निवांत असतात, आणि टेबल दोनच तासांसाठी दिलेलं असलं तरी घाई होत नाही. फोनवर चार गोष्टी बोलून घ्या: टेबल स्पीकरपासून लांब हवं, एक जण शाकाहारी आहे, एक जण दारू घेत नाही, आणि त्या तारखेला ड्राय डे नाही ना. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतात. आषाढी-कार्तिकी एकादशीच्या, मतदानाच्या आणि मतमोजणीच्या तारखा मात्र ऐन वेळी कळतात, आणि पुण्याहून इथवर आल्यावर त्या कळू नयेत.